दुसरा बेस

आमच्या कोरसच्या शेवटच्या रांगेत, भिंतीकडून दुसऱ्या खुर्चीवर, गेली एकेचाळीस वर्षं एक गृहस्थ बसतात. या एकेचाळीस वर्षांत त्यांचा आवाज कोणाला वेगळा असा ऐकू आलेला नाही. ही तक्रार नव्हे. हे त्यांचंच वाक्य आहे आणि ते छाती फुगवून सांगतात.

कोरस इंग्लंडातला, हौशी, बाजाराच्या गावातला. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे एका गाईचा विषय निघणार आहे आणि तिचा मालक मला दर शनिवारी बाजारात भेटतो. दर सोमवारी संध्याकाळी साडेसातला नव्वदेक माणसं चर्चशेजारच्या दालनात जमतात, दोन तास गातात, मध्ये चहा-बिस्किटं खातात आणि वर्षातून तीनदा कार्यक्रम करतात. मी त्यात शिरलो तो वाचनालयातल्या सूचनाफलकामुळे. फलकावर लिहिलं होतं: सोप्रानो, प्रतीक्षायादी. अल्टो, प्रतीक्षायादी. बेस, स्वागत. टेनर, कृपया, कृपया, कृपया.

मी चिटणीसबाईंना भेटलो. त्यांनी विचारलं, "पूर्वी कधी गायला आहात?"

लहानपणी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी सप्ताहात मी कीर्तनकारांच्या मागे टाळ घेऊन उभा राहत असे. खोटं कशाला बोला? म्हटलं, "गाणाऱ्यांच्या मागे उभा राहिलो आहे."

"मग बेसमध्ये चालेल," त्या म्हणाल्या.

इथे एक खुलासा. सोप्रानो आणि अल्टो हे बायकांचे आवाज, टेनर पुरुषांचा वरच्या पट्टीतला, आणि पुरुषांचा खालच्या पट्टीतला आवाज म्हणजे बेस. आमच्या गावाकडे 'बेस' म्हणजे उत्तम, झकास. 'लई बेस' म्हणजे त्याहून. त्यामुळे चिटणीसबाईंनी वहीत माझ्या नावापुढे 'सेकंड बेस' असं लिहिलं तेव्हा आल्या आल्या उत्तमात दुसरा क्रमांक मिळाला म्हणून मी सुखावलो होतो. प्रत्यक्षात बेसचे पुन्हा दोन भाग होतात. पहिले बेस वरची ओळ गातात, त्यांना अधूनमधून चाल असते. दुसरे बेस तळाची ओळ गातात, त्यांना बहुतेक एकच सूर असतो. तो किती मोजायचा, एवढंच काम.

या दुसऱ्या बेसचे सम्राट म्हणजे भिंतीकडून दुसऱ्या खुर्चीवरचे गृहस्थ. त्यांना मी मनातल्या मनात खर्जबुवा म्हणतो. वय चौऱ्याहत्तर. आयुष्यभर रेल्वेच्या कचेरीत वेळापत्रकं जुळवली. उंच, किंचित पुढे वाकलेले, पाडव्याला बांधलेली गुढी वाऱ्यानं कलावी तसे. इंग्रजीत तू-तुम्ही हा भेद नाही हे मला माहीत आहे, तरी पहिली दोन वर्षं त्यांचा 'यू' मला 'तुम्ही' असाच ऐकू येई. तिसऱ्या वर्षी एका तालमीत त्यांनी आपल्या खोकल्याच्या गोळ्यांतली एक माझ्या हातावर ठेवली, आणि त्या दिवसापासून तो 'तू' झाला.

ती गोळी कागदातून आधीच सोडवलेली होती. यात खर्जबुवांचं सगळं शास्त्र आलं. कार्यक्रमात ऐन हळुवार जागी कागद चुरचुरणारा माणूस त्यांच्या लेखी गुन्हेगार. म्हणून ते घरून निघतानाच गोळ्या सोलून एका पितळी डबीत भरतात. दुसऱ्या खिशात छोटी विजेरी, कारण चर्चमधल्या शेवटच्या रांगेत उजेड पोचत नाही. बगलेत फोमची चौकोनी उशी, कारण चर्चचे बाक पापी माणसाला डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. आणि काळ्या फाइलला सुतळीनं बांधलेली पेन्सिल. पेन, बॉलपेन, हायलायटर यांना बंदी. कारण स्वरलिपीची पुस्तकं आमची नसतात. ती वाचनालयातून भाड्यानं येतात आणि परत करताना प्रत्येकानं आपल्या पेन्सिलच्या खुणा खोडून द्यायच्या असा नियम आहे.

नियम आहे म्हणजे तो कोणीही पाळत नाही. त्यामुळे भाड्याचं पुस्तक हातात आलं की आधी गाऊन गेलेल्या कोरसांचा इतिहास त्यात वाचायला मिळतो. 'इथे श्वास.' 'इथे श्वास नको!' 'टेनरकडे लक्ष देऊ नका.' आणि जागोजागी काढलेले छोटे चष्मे. चष्म्याचं चित्र म्हणजे 'पुस्तकातून डोकं वर काढा, कंडक्टरकडे पाहा.' एका पानावर मला एकाखाली एक असे चार चष्मे दिसले, चार वेगवेगळ्या हातांचे. त्या जागी चार पिढ्या खड्ड्यात पडल्या होत्या.

त्यात पुस्तकं दोन प्रकाशकांची निघाली की गोंधळ. कंडक्टरबाई म्हणतात, "पान अडतीस," आणि निम्मा कोरस भलतीकडूनच गायला लागतो. मग कुरकुर सुरू होते. अशाच एका कुरकुरीत खर्जबुवा एकदा मागून बोलले होते. बोलणं त्यांच्या स्वभावात नाही, म्हणून लक्षात राहिलं. दुसऱ्या महायुद्धात तेरेझिनच्या छळछावणीत राफाएल शेख्तर नावाच्या कैद्यानं ज्यू कैद्यांकडून इटालियन संगीतकार व्हेर्दीचं रेक्विएम बसवून घेतलं होतं. सगळ्यांत मिळून पुस्तक एक. साथीला पियानो. दीडशे गायकांचा कोरस तयार व्हायचा, गाड्या भरून माणसं पूर्वेला पाठवली जायची, आणि तो पुन्हा नव्या माणसांना शिकवायला बसायचा. १९४३-४४ मध्ये त्यांनी ते सोळा वेळा गायलं. "एका पुस्तकावर," खर्जबुवा म्हणाले आणि खाली बसले. त्या सोमवारी पानांच्या आकड्यांवरून कोणी बोललं नाही.

रेक्विएम म्हणजे मृतांसाठीची कॅथलिक प्रार्थना, लॅटिनमधली. 'रेक्विएम' या शब्दाचा अर्थच विश्रांती. चर्चच्या त्या मजकुराला कितीतरी संगीतकारांनी आपापलं संगीत दिलं. हौशी कोरसचं पोट या रेक्विएमांवर चालतं आणि खर्जबुवांचं आयुष्यही त्यांच्यावरच मोजलेलं आहे. आपल्याकडे जशी 'थोरलीच्या लग्नाच्या वर्षी', 'दुष्काळाच्या साली' अशी कालगणना असते, तशी त्यांची. मुलगी झाली तेव्हा मोझार्ट चालू होता. नोकरीतून निवृत्त झाले त्या वसंतात ब्राम्स. गुडघा बदलला तो दोन फोरेंच्या मध्ये.

आणि प्रत्येकाबद्दल त्यांचं मत ठरलेलं. मोझार्टचं? "बिचारा १७९१ मध्ये ते अर्धवट टाकून गेला, शिष्यानं पुरं केलं. आमच्यातही निम्म्यांना अर्धंच येतं, पण आम्हाला जाऊ देत नाहीत." फोरेचं? "सभ्य. त्यात कयामतीचा आरडाओरडा नाही. पस्तीस मिनिटांत मोकळे, पब उघडा सापडतो." बर्लिओझचं? "चार कोपऱ्यांत चार पितळी बँड लागतात. आमच्या खजिनदाराला एक कोपरासुद्धा परवडत नाही." ब्राम्सचं? इथे ते जरा थांबतात. ब्राम्सनं लॅटिन प्रार्थना बाजूला ठेवली आणि ल्यूथरच्या जर्मन बायबलमधून स्वतः वचनं निवडली. मेलेल्यांपेक्षा मागे राहिलेल्यांची समजूत त्यात जास्त. "माझ्या वेळी तेच गा," ते म्हणतात. "मी नसेन, पण बेसमध्ये फरक पडणार नाही."

मी एकदा धीर करून विचारलं, "एवढ्या प्रार्थना गाता. देव मानता का?"

"सोमवारी साडेसात ते साडेनऊ," ते म्हणाले.

व्हेर्दीचं रेक्विएम आम्ही करणार असं जाहीर झालं तेव्हा चहाच्या वेळी त्यांनी मला त्याची जन्मकथा सांगितली. ती त्यांनी रेल्वेच्या भाषेत सांगितली, म्हणून मला नीट समजली. १८६८ मध्ये रोसिनी हा संगीतकार वारला. व्हेर्दीनं सुचवलं, इटलीतल्या तेरा संगीतकारांनी एकेक तुकडा लिहावा आणि वर्षश्राद्धाला, म्हणजे १३ नोव्हेंबर १८६९ रोजी, बोलोन्यामध्ये सगळ्यांचं मिळून एक रेक्विएम व्हावं. तेरा संगीतकार आणि वर एक समिती. तुम्ही कधी गणेशोत्सव मंडळात काम केलं असेल तर पुढचं सांगायला नको. तुकडे लिहून झाले, तारीख जवळ आली, रुसवेफुगवे झाले आणि कार्यक्रम रद्द. शेवटचा तुकडा व्हेर्दीच्या वाट्याचा होता. तो कपाटात जाऊन पडला.

पुढे १८७३ च्या २२ मे रोजी आलेस्सांद्रो मान्झोनी हा इटलीचा थोर कादंबरीकार वारला. व्हेर्दी त्याला दैवत मानायचा. यावेळी त्यानं समिती नेमली नाही. एकट्यानं सगळं रेक्विएम लिहिलं, कपाटातला तो जुना तुकडा नव्यानं घडवून शेवटी बसवला आणि बरोबर वर्षानं, २२ मे १८७४ रोजी, मिलानच्या सान मार्को चर्चमध्ये स्वतः उभं राहून ते केलं. एकशेवीस गायक, शंभर वादक.

"आणि ते तेरा जणांचं?" मी विचारलं.

"झालं की. १९८८ मध्ये, जर्मनीत, श्टुटगार्टला. एकशे एकोणीस वर्षं उशिरा." त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. "रेल्वेत त्याला रद्द म्हणत नाहीत. विलंबित म्हणतात."

मी म्हटलं, आमच्या गाण्यातही विलंबित असतं आणि तेही खूप वेळ चालतं. ते त्यांना फार आवडलं.

या कथेचं आणखी एक शेपूट ते सांगतात. हान्स फॉन ब्यूलो नावाच्या बड्या जर्मन कंडक्टरनं हे रेक्विएम ऐकण्याआधीच त्याची टर उडवली. म्हणाला, हा तर चर्चच्या कपड्यांतला ऑपेरा. ब्राम्सनं स्वरलिपी मागवून वाचली आणि ब्यूलोनं स्वतःचं हसं करून घेतलं आहे असा निकाल दिला. ब्यूलोला ते पटायला अठरा वर्षं लागली. १८९२ मध्ये त्यानं व्हेर्दीला पत्र लिहून माफी मागितली. खर्जबुवांचं तात्पर्य: "कुठलीही गोष्ट ऐकल्याशिवाय तिच्याबद्दल बोलू नये."

"तुम्ही किती वेळा ऐकलंय?"

"मी? गायलंय तीनदा. ऐकलं कधीच नाही."

हे ऐकून मी चमकलो, पण दोन कार्यक्रम अंगावर घेतल्यावर पटलं. कोरस वाद्यवृंदाच्या मागे उभा असतो आणि बेसच्या पुढ्यात बहुधा ट्रोम्बोन आणि ढोल येतात. त्यामुळे व्हेर्दीच्या या अफाट कृतीतलं आम्हाला ऐकू येतं ते एवढंच: पुढच्याचा ट्रोम्बोन, शेजाऱ्याचा श्वास आणि आपल्या पोटातली गुरगुर. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला जेवणाची चव विचारावी, तसं हे.

ऐकायची संधी तशी एकदा आली होती. त्यांच्या मुलीनं वाढदिवसाला त्यांना लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या व्हेर्दी रेक्विएमचं तिकीट काढून दिलं. याच सभागृहात १८७५ मध्ये खुद्द व्हेर्दीनं ते संचालित केलं होतं. खर्जबुवा सूट घालून गेले, मधल्या खुर्चीवर बसले. कंडक्टर आला, त्यानं हाताची खूण केली, समोरचा कोरस उठून उभा राहिला. त्याबरोबर पाच हजारांच्या त्या सभागृहात श्रोत्यांमधून एकटे खर्जबुवाही उठून उभे राहिले. मागच्यांनी कोट ओढून खाली बसवलं. पुढचा दीड तास ते दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले होते म्हणे. "संगीत कसं होतं?" असं विचारलं तर म्हणतात, "उठायच्या सगळ्या जागा बरोबर घेतल्या त्यांनी."

आता त्यांच्या गायकीचं मर्म. ते त्यांनी मला पाचव्या तालमीत, गुरुमंत्र द्यावा तसं कानात सांगितलं. जगात दोन तऱ्हेचे बेस असतात. एक सुरू करणारे आणि दुसरे पोचणारे. सुरू करणाऱ्याची चूक जगाला ऐकू जाते. पोचणाऱ्याची चूक होतच नाही, कारण तो जिथे जायचं तिथे आधीच कोणीतरी असतं. "मी आयुष्यात कधी सूर लावलेला नाही," खर्जबुवा म्हणाले. "मी सुराला जाऊन मिळतो."

ते ज्याला जाऊन मिळत तो माणूस त्यांच्या उजव्या हाताला, भिंतीशी बसे: आमच्या गावचा जनावरांचा डॉक्टर. घोड्याशी बोलून बोलून कमावलेला आवाज, स्वरलिपी पाठ, ताल पक्का. हा आमचं इंजिन. त्याच्यामागून पाव सेकंदानं खर्जबुवा निघत. त्यांच्या डाव्या हाताला मी. मी त्यांच्यामागून निघे. माझ्या पलीकडे गावातला बेकरीवाला, तो माझ्या भरवशावर, हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर झोप लागेना. अशी ती आमची मालगाडी. रेल्वेत हयात गेलेल्या माणसाला ही व्यवस्था निर्दोष वाटे.

या गाडीचा खरा कस व्हेर्दी अगदी सुरुवातीलाच पाहतो. रेक्विएम उघडतं ते कुजबुजत. तंतुवाद्यांचे दबलेले सूर, कोरस ओठांतल्या ओठांत पुटपुटतो. घरात आजारी माणूस झोपलेला असताना बोलावं तसं. आणि तीनेक मिनिटांनी एकदम सगळी वाद्यं गप्प होतात. त्या मोकळ्या जागेत बेस एकटे सुरू करतात. साथ नाही, आधार नाही, मागे टेनर-अल्टो-सोप्रानो एकामागून एक येणार असतात पण ते नंतर. पहिला सूर फक्त बेसचा. माझ्या पुस्तकातले चार चष्मे याच जागेवर होते. खर्जबुवांनी पाचवा काढला.

बाकीचं तसं सोपं, म्हणजे गर्दीत हरवण्यासारखं. 'दिएस इरे', कोपाचा दिवस, हा प्रचंड भाग. बारा आठवडे आम्ही तो पियानोवर घोकला. पियानो बिचारा कितीही आपटला तरी घरातलं भांडण वाटतं. वाद्यवृंद भाड्यानं येतो तो कार्यक्रमाच्या दिवशीच, दुपारच्या एका तालमीपुरता. तेव्हा पहिल्यांदा तो मोठा ढोल ऐकला. व्हेर्दीनं स्वरलिपीतच लिहून ठेवलंय की ढोलाच्या दोऱ्या ताणून घ्या, घाव कोरडा आणि जोरदार बसला पाहिजे. आमच्या ढोलवाल्या पोरीनं ते मनावर घेतलं होतं. पहिल्या घावाला माझ्या खिशातल्या किल्ल्या वाजल्या. त्या गदारोळात कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही. "या भागात चुकायचं संपूर्ण स्वातंत्र्य आहे," खर्जबुवा ओरडून म्हणाले. "जपून वापर."

मग पुढच्या चार तुताऱ्या आणि चर्चच्या मागच्या सज्जातल्या चार तुताऱ्या एकमेकींना साद घालतात. मेलेल्यांना उठवायचं असतं. नंतर 'ऑफर्तोरिओ' नावाचा भाग चार एकल गायकांचाच, त्यात कोरसनं नुसतं बसून राहायचं. हे सर्वांत कठीण, कारण झोपायला मनाई असते आणि सारं गाव समोर बसलेलं असतं. त्यानंतर 'सांक्टुस'. इथे कोरसचे दोन कोरस होतात, आठ ओळी एकमेकींचा पाठलाग करत सुसाट धावतात आणि हौशी गायक पहिल्याच वळणावर पडतो. पडल्यावर काय करायचं याचीही परंपरा आहे. इंग्रज गायक चेहरा हसरा ठेवून आवाज न काढता 'वॉटरमेलन, वॉटरमेलन' असे ओठ हलवतो; लांबून गाण्यासारखंच दिसतं. मी मायबोलीत 'कलिंगड' करून पाहिलं. 'ग' आणि 'ड' वर जबडा अडकतो. 'टरबूज' बरं पडतं.

तर कार्यक्रमाचा दिवस. दुपारची तालीम उत्तम झाली, बेसची ती जागासुद्धा. पाच वाजता जनावरांच्या डॉक्टरांचा फोन वाजला. गावाबाहेरच्या गोठ्यात एका गाईचं वासरू आडवं आलं होतं. डॉक्टरांनी बो टायचा आकडा सोडला, गाडीला किल्ली मारली आणि गेले. "साडेसातपर्यंत येतो," म्हणाले.

साडेसातला आम्ही रांगेनं आत गेलो. भिंतीकडची पहिली खुर्ची रिकामी. कंडक्टरबाईंनी खूण केली, आम्ही उठलो. मी खर्जबुवांकडे पाहिलं. ते त्या खुर्चीकडे पाहत होते. इंजिन सुटून एकटंच निघून गेल्यावर पहिल्या डब्याकडे फलाटावरची माणसं पाहतात, तसा मी त्यांच्याकडे पाहत होतो. आणि बेकरीवाला माझ्याकडे.

कुजबूज सुरू झाली. दबलेले तंतू, पुटपुटणं. तीन मिनिटं कशी गेली कळलं नाही. वाद्यं थांबली. पाच चष्मे समोर होते. आम्ही डोकी वर काढली. कंडक्टरबाईंचा हात वर गेला, श्वास घ्या म्हणाला, आणि खाली आला.

काहीही झालं नाही.

घड्याळात मोजाल तर एक सेकंदसुद्धा नसेल. पण तेवढ्यात मला आमच्या बेस विभागाची घटनाच उलगडली. बाविसच्या बावीस माणसं कोणीतरी सुरू करण्याची वाट पाहत होती. मला वाटत होतं की खर्जबुवा डॉक्टरांवर, मी खर्जबुवांवर एवढीच आमची छोटी मालगाडी. पण इथे पुढच्या रांगेतले वकील, मधले शेतकरी, तो निवृत्त मुख्याध्यापक, सगळे डबेच होते. आणि मग माझ्या उजव्या कानाशी कोणीतरी मोठा श्वास घेतला. पुढच्या क्षणी सूर निघाला, भरदार, एकजीव, बाविसांचा एक. इतका स्वच्छ तो तालमीतही कधी आला नव्हता. मागून टेनर आले, सातच होते पण आले.

शेवटाला, एकटी सोप्रानो मुक्तीची याचना करते, कोरस तिच्याबरोबर विझत जातो आणि दीड तासापूर्वी ज्या कुजबुजीतून सगळं निघालं तिथेच परत येऊन थांबतो, तेव्हा दाराशी गमबूट घातलेले डॉक्टर उभे दिसले. टाळ्या संपल्यावर आम्ही त्यांना गाठलं. कालवड झाली होती, गाय सुखरूप होती. आमच्या विभागातला, आमचं रेक्विएम बाहेरून ऐकलेला हा पहिला माणूस. सगळे त्याच्याभोवती जमले.

"कसं वाटलं?" खर्जबुवांनी विचारलं.

"फार थोर," डॉक्टर म्हणाले. "ढोल जरा जास्त."

"आणि बेस?"

डॉक्टरांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "वेगळे असे ऐकू आले नाहीत."

खर्जबुवांच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आलेल्या मुलाचं तेज पसरलं. मी म्हटलं, "लई बेस." त्याचा अर्थ त्यांना आता ठाऊक आहे.

एक आजीबाई कंडक्टरबाईंचा हात हातात घेऊन सांगत होत्या की बेसच्या आधीची ती शांतता काळजाला भिडली, तिथे अंगावर काटा आला. बाईंनी आमच्याकडे वळून विचारलं, ही कल्पना कोणाची? आम्ही सगळ्यांनी व्हेर्दीकडे बोट दाखवलं. मग घरी निघताना मी खर्जबुवांना गाठलं. म्हटलं, तो श्वास तुमचा होता. सुरुवात तुम्ही केलीत.

ते फोमची उशी बगलेत मारून चालत राहिले. "दम लागला होता," म्हणाले. "सूर मी लावला नाही. मी जाऊन मिळालो."

"कोणाला?"

त्यावर त्यांनी पितळी डबी उघडून एक गोळी माझ्या हातावर ठेवली.

दुसऱ्या सोमवारी मी बेसमधल्या एकेकाला विचारून पाहिलं. वकिलांनी नाही म्हटलं, मुख्याध्यापकांनी नाही म्हटलं, शेतकऱ्यांनी नाही म्हटलं, बेकरीवाला तर शपथेवर नाही म्हणाला. आणि मी नव्हतो हे मला पक्कं माहीत आहे. तेव्हा तुम्ही कधी व्हेर्दीचं रेक्विएम ऐकायला गेलात तर तीन मिनिटांनी वाद्यं थांबतील तिथे बेसच्या शेवटच्या रांगेकडे जरूर पाहा. सुरुवात ऐकू येईल. सुरुवात करणारा दिसणार नाही. तो आम्हालाही दिसलेला नाही.